ट्रेबल कानाला टोचतोय? अँप्लिफायर बदलण्याआधी आणि बदलताना

कौलारू घरात गोड वाजणारा सेट स्लॅबच्या घरात आणला की टाळ कानात घुसायला लागतात, पेटीचा वरचा सप्तक चिरका वाटतो आणि निवेदकाचा प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा येतो. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘वॉर्म’, म्हणजे मऊ आवाजाचा, अँप्लिफायर घ्या. या सल्ल्यावर खिसा हलका करू नका. चांगल्या स्थितीतला, आपल्या ताकदीच्या आत वाजणारा अँप्लिफायर ट्रेबल फारसा वाढवतही नाही आणि कमीही करत नाही. तो ट्रेबल बिघडवतो ते तीनच वाटांनी: ताकद अपुरी पडून, स्पीकरच्या ओहमशी (विजेला होणाऱ्या रोधाशी) न जुळून, किंवा चुकीच्या जोडणीमुळं. या तिन्ही गोष्टी मोजता येतात. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानंच करा. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच अनेकांचं काम होतं आणि पैसे वाचतात.

आधी हे जवळ ठेवा

- डिजिटल मल्टिमीटर (साधा चालेल, पण एसी आणि डीसी दोन्ही व्होल्ट मोजणारा)
- दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल
- मीटरटेप, हातात मावणारा आरसा
- फोन किंवा कॉम्प्युटरवर इक्वलायझर आणि टोन जनरेटर
- २.५ चौरस मिमीची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर, लाल-काळी
- स्पीकरचं आणि अँप्लिफायरचं माहितीपत्रक, किंवा मागच्या पट्टीचा फोटो
- जुना, हातबदल झालेला अँप्लिफायर असेल तर ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब लावलेला सिरीज बोर्ड

१. टोचतंय ते नेमकं कुठून, हे शोधा

चार तपासण्या. यात खर्च काहीच नाही.

तेच गाणं चांगल्या हेडफोनवर ऐका. तिथंही टोचत असेल तर दोष रेकॉर्डिंगचा. भजनी मंडळांची बरीच रेकॉर्डिंग मुळातच चढ्या ट्रेबलची असतात, त्यांच्यावरून सेटचा निकाल लावू नका. एखादी जुनी शास्त्रीय मैफल आणि एखादं अलीकडचं स्टुडिओतलं गाणं, दोन्ही लावून बघा. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, त्यामुळं त्यांची एखादी जुनी मैफल या भागातल्या घरोघरी सापडेल. अशा जुन्या ध्वनिमुद्रणात वरचा भाग मुळातच कमी असतो. तेही टोचलं तर दोष तुमच्याकडचा आहे हे नक्की.

दुसरी तपासणी: स्पीकरपासून एका मीटरवर बसा. त्रास एकदम कमी झाला तर गुन्हेगार खोली आहे.

तिसरी: आवाज अगदी कमी करा. हळू आवाजात ठीक आणि मोठ्या आवाजात कर्कश असेल तर अँप्लिफायर क्लिप होतोय (ताकद संपून आवाज कापतोय) किंवा स्पीकर दमतोय. हळू आवाजातही टोचत असेल तर ताकदीचा प्रश्न नाही.

चौथी सगळ्यांत उपयोगी. इक्वलायझरमध्ये ३ किलोहर्ट्झला ३ डीबी (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) कमी करा, ऐका. मग ते पूर्ववत करून ७ किलोहर्ट्झला कमी करा, मग १२ किलोहर्ट्झला. लोक ज्याला ‘ट्रेबल जास्त’ म्हणतात तो त्रास बऱ्याचदा २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो. तो ट्रेबलचा वरचा भाग नव्हेच, आवाजाचा बोचरा मध्य आहे. ‘स-श’चा सीत्कार साधारण ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये बसतो. कोणत्या जागी कमी केल्यावर कान सुखावले ते लिहून ठेवा, पुढं लागेल.

आणि हो, अँप्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण दाबलेलं नाही ना? ते बेसबरोबर ट्रेबलही वाढवतं. बंद करा.

२. खोली आणि मांडणी

शेणानं सारवलेली जमीन, कौलांच्या फटी, अडगळीचा माळा या सगळ्यांत आवाज जिरतो. व्हिट्रिफाइड टाइल, प्लास्टर केलेल्या भिंती आणि काचेच्या खिडक्या तो जसाच्या तसा परत फेकतात. खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग ‘टर्रर्र’ असा धातूसारखा पडसाद आला तर कितीही महाग अँप्लिफायर आणला तरी तो पडसाद जाणार नाही.

उपाय घरातच असतात. बसण्याची जागा आणि स्पीकर यांच्यामधल्या जमिनीवर जाड सतरंजी किंवा घोंगडी टाका. पातळ चटईचा उपयोग नाही. मग आरसा घ्या. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथं स्पीकरचा ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) दिसेल तिथून आवाज उसळून येतो. तिथं पुस्तकांचं कपाट, भिंतीपासून थोडी सोडून टांगलेली वाकळ, किंवा ५० मिमी जाडीचा, कापडात गुंडाळलेला रॉकवूलचा पट्टा लावा. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका; त्यांनी जवळजवळ काहीच होत नाही, धूळ तेवढी साठते.

स्पीकर सरळ कानावर रोखलेले असतील तर १५ ते ३० अंश फिरवून बघा. ट्विटर वरचे सूर झोतासारखे समोर फेकतो, त्या झोतातून कान बाजूला आला की वरचा भाग आपोआप उतरतो. छोटे स्पीकर भिंतीपासून फार लांब असतील तर थोडे मागे सरकवा. बेस भरला की तोच ट्रेबल कमी वाटतो.

३. स्पीकरचे तीन आकडे लिहून काढा

पहिला ओहम. मागच्या पट्टीवर ४, ६ किंवा ८ लिहिलेलं असतं. पट्टी गेली असेल तर वायर काढून मल्टिमीटरनं मोजा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६. मीटर कमी दाखवतो म्हणून स्पीकर बिघडलाय असं समजू नका. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतो.

दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एका मीटरवर किती डीबी. इथं एक मेख आहे. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट. त्यामुळं ‘८८ डीबी’ लिहिलेला ४ ओहमचा स्पीकर वॅटच्या हिशेबात ८५ डीबीचाच.

तिसरा किमान ओहम. माहितीपत्रकात ‘मिनिमम इम्पिडन्स’ दिलेला असेल तर तो अँप्लिफायर निवडताना छापील ओहमपेक्षा महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान ओहम छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली नको. प्रत्यक्षात सगळे उत्पादक हे पाळत नाहीत.

४. अँप्लिफायरचे खरे वॅट काढा

क्लिपिंग म्हणजे अँप्लिफायरचा व्होल्टेज संपल्यामुळं लहरीचा माथा सपाट कापला जाणं. त्या कापलेल्या कडेतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात आणि ते थेट ट्विटरवर जातात. आवाज कर्कश होतो, जास्त वेळ चाललं तर ट्विटर जळतो. म्हणूनच मोठ्या वॅटच्या अँप्लिफायरपेक्षा ओढूनताणून वाजवलेला छोटा अँप्लिफायर ट्विटर जास्त जाळतो.

किती ताकद लागेल? ८६ डीबीचे दोन स्पीकर, तुम्ही ३ मीटरवर. दोन्हींना १-१ वॅट दिला तर बसल्या जागी अंदाजे ८२ डीबी मिळतात. दर ३ डीबीला वॅट दुप्पट होतात. म्हणजे १६ वॅटला सुमारे ९४, ६४ वॅटला १००. घरात आपण सरासरी ७५ ते ८० वर ऐकतो आणि तबल्याची थाप, टाळेचा ठोका त्याच्यावर १५ डीबीपर्यंत उसळतो. तेव्हा खरे ४० ते ५० वॅट प्रति चॅनेल पुरेसे. ८२-८३ डीबीचे छोटे स्पीकर असतील तर मात्र याच्या दुप्पट धरा.

‘खरे’ हा शब्द इथं महत्त्वाचा. पीएमपीओचा (डब्यावर फुगवून छापलेल्या वॅटचा) आकडा वाचूच नका. गावोगाव जोडून मिळणाऱ्या अँप्लिफायरमध्ये एलए४४४० ही आयसी (चिप) असते. तिची कंपनीनं दिलेली ताकद ४ ओहमला दोन चॅनेलवर ६-६ वॅट, ब्रिजमध्ये (दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवताना) १९ वॅट. डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या क्लास-डी (वीज झपाट्यानं चालू-बंद करून चालणाऱ्या) बोर्डांचा हिशेब तर कागदावर करता येतो. सप्लायच्या व्होल्टचा वर्ग करा, त्याला ओहमच्या दुपटीनं भागा. १२ व्होल्ट, ८ ओहम: १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॅट. यापेक्षा जास्त स्वच्छ वॅट त्यातून निघणं शक्यच नाही, जाहिरातीत ५०+५० असलं तरी. टीपीए३११६ या चिपचा असा बोर्ड २४ व्होल्टवर चालवला तर ३६ चा हिशेब येतो, हाती ३० च्या आसपास लागतात. ‘नवा क्लास-डी फार कर्कश आहे’ अशी तक्रार असेल तर आधी त्याच्यासोबत आलेला अडाप्टर बघा. १२ व्होल्टचा असेल तर बोर्डाची कमाल मर्यादा तपासून २४ व्होल्ट, ४ ते ५ अँपियरचा लावा. टीपीए३११६ ची मर्यादा २६ व्होल्ट आहे, पण बोर्डावरचे कपॅसिटर २५ व्होल्टचे असतील तर २४ वरच ते काठावर येतात. ३५ व्होल्टचे आहेत का ते बघूनच घ्या.

जुन्या धाटणीचा, ट्रान्सफॉर्मरवाला क्लास-एबी हवा असेल तर एलएम३८८६ आयसीवर बांधलेला निवडा. ±२८ व्होल्टवर ती ८ ओहमला ३८ आणि ४ ओहमला ६८ वॅट देते. घरगुती खोलीला उत्तम.

५. ओहम आणि ट्रेबल यांचं नातं

जोडी जुळवण्याचा खरा भाग हाच, आणि दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही.

स्पीकरचे ओहम सगळ्या सुरांना सारखे नसतात. ८ ओहमचा स्पीकर एका ठिकाणी ६ असतो, क्रॉसओव्हरच्या (वूफर आणि ट्विटर यांच्यात सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) आसपास २० होतो, आणि ट्विटरच्या कॉइलमुळं सगळ्यांत वरच्या टोकाला पुन्हा चढतो. अँप्लिफायरचा आउटपुट रोध (त्याच्या आतला, स्पीकरच्या वाटेतला रोध) जवळपास शून्य असेल तर या चढउताराचा आवाजावर परिणाम होत नाही. डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचे ओहम भागिले आउटपुट रोध) ८० म्हणजे ८ ओहमच्या हिशेबात ०.१ ओहम, विषय संपला.

पण व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या), फीडबॅक (आउटपुट परत आत घेऊन चूक सुधारण्याची सोय) नसलेल्या अँप्लिफायरचा आउटपुट रोध २ ओहम असला तर? स्पीकर ४ ओहमला आहे तिथं ३.५ डीबी गळतात, २० ओहमला आहे तिथं फक्त ०.८. म्हणजे २० ओहमचा सूर २.७ डीबीनं वर आला. त्या स्पीकरचे ओहम नेमके ३ किलोहर्ट्झला चढत असतील तर तो ‘मऊ’ म्हणून आणलेला व्हॉल्व्ह अँप्लिफायर बोचरेपणा वाढवेल. दुसऱ्या एखाद्या स्पीकरवर तोच गोड वाटेल. ‘व्हॉल्व्ह म्हणजे गोड’ हे समीकरण म्हणूनच फसवं.

स्वस्त क्लास-डीची गोष्ट वेगळी. त्याच्या आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो आणि तो एका ठरावीक ओहमसाठी आखलेला असतो. ४ ओहमसाठी आखलेल्या बोर्डाला ८ ओहमचा स्पीकर लावला की १० किलोहर्ट्झच्या वर आवाज उचलला जातो. बोर्डानुसार हे १ डीबीपेक्षा कमी ते ३ डीबीपर्यंत असू शकतं. ट्विटरचे ओहम वर चढत असल्यानं त्यात भरच पडते. उलट, ४ ओहमच्या स्पीकरवर तोच बोर्ड सपाट किंवा किंचित मवाळ वाजतो. यावरचा पक्का इलाज म्हणजे फिल्टरच्या पुढून फीडबॅक घेणारा बोर्ड. विकणारे त्याला पीएफएफबी म्हणतात. त्याच्यावर ओहम बदलले तरी वरचं टोक हलत नाही.

मग निवड अशी:

- ८ ओहमचा स्पीकर, त्रास १० किलोहर्ट्झच्या वर: पीएफएफबी असलेला क्लास-डी, नाहीतर साधा क्लास-एबी.
- त्रास २ ते ५ किलोहर्ट्झला: अँप्लिफायर बदलून फरक जवळपास शून्य. सरळ नवव्या पायरीवर जा.
- ४ ओहमचा किंवा ३.२ पर्यंत उतरणारा स्पीकर: मागच्या पट्टीवर ४ ओहमची स्पष्ट मान्यता असलेलाच अँप्लिफायर. ८ ओहमपुरत्या बनवलेल्या अँप्लिफायरला तो लावला की करंट अपुरा पडतो, उष्णता वाढते आणि मोठ्या आवाजात किरकिर सुरू होते.
- एका चॅनेलवर दोन ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, तीन जोडले की २.७. हॉलमध्ये, स्वयंपाकघरात आणि गच्चीवर एकाच अँप्लिफायरवरून वायरी ओढणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

६. विजेचा दाब

संध्याकाळी सात ते नऊ दरम्यान सॉकेटचा व्होल्टेज मोजा. ट्रान्सफॉर्मरवाल्या अँप्लिफायरला २३० ऐवजी १९० मिळाले तर ५० वॅटचे साधारण ३४ उरतात आणि क्लिपिंग लवकर सुरू होतं. ‘दिवसा बरा वाजतो, रात्री कर्कश’ याचं कारण असं साधं असू शकतं. हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाइन गावाच्या टोकाला असेल तर स्टॅबिलायझर लावा, किंवा १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस (लॅपटॉपच्या अडाप्टरसारखा वीजपुरवठा) असलेला क्लास-डी घ्या. त्याला या चढउताराचं सोयरसुतक नसतं. स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र ट्रान्सफॉर्मरवाला सेट भणभणतो. वीज गेल्यावर सेटचा कस लावू नका.

७. जोडणी

जुना अँप्लिफायर पहिल्यांदा सिरीज बल्बवर चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग स्पीकर न लावता आउटपुटला डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असावेत. १०० च्या वर असतील तर स्पीकर लावू नका.

डाव्या-उजव्या स्पीकरची प्लस-मायनस एकसारखी आहे का, हे सेलनं तपासा. अँप्लिफायरकडचं टोक सोडवून सेलचा प्लस लाल वायरला, मायनस काळ्या वायरला क्षणभर टेकवा. दोन्ही वूफर (खालचे सूर वाजवणारे मोठे भाग) बाहेरच्या बाजूला हलले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर गेला तर दोघांचा बेस एकमेकांना खातो, आणि उरलेला आवाज चिरका वाटतो. हा दोष एका वायरीच्या अदलाबदलीनं जातो. पण सुटा ट्विटर असा सेलनं तपासू नका.

पाच मीटरच्या वायरीला २.५ चौरस मिमी भरपूर झाली. ‘ट्रेबल मऊ करणारी’ महागडी वायर घेऊ नका.

सोर्सची पातळीही बघा. सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल आवाज अँप्लिफायरजोगा करणारा डबा) २ व्होल्ट देतो, जुन्या अँप्लिफायरच्या ऑक्स इनपुटला ०.२ व्होल्ट पुरतात. आवाजाची कळ जरा फिरवली की घर हादरतं आणि आवाज फाटका येतो, असं होत असेल तर प्रत्येक चॅनेलमध्ये १० किलोओहम सिरीजला आणि त्यानंतर ४.७ किलोओहम ग्राउंडला लावा. पातळी सुमारे १० डीबीनं उतरते. फोन माइकच्या सॉकेटला तर कधीच लावू नका.

क्लास-डी आणि ब्रिज केलेल्या आयसींच्या दोन्ही काळ्या वायरी एकत्र जोडू नका, ग्राउंडलाही नको. बोर्ड तिथल्या तिथं जातो.

८. दोन अँप्लिफायरची तुलना

दोघांचा आवाज डोळ्यांनी किंवा कळीच्या खुणेवरून सारखा करू नका. ४०० हर्ट्झचा टोन लावा, स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा आणि दोन्ही अँप्लिफायर दोन टक्क्यांच्या आत जुळवा. अर्ध्या डीबीनं मोठा असलेला सेट ‘जास्त स्पष्ट’ किंवा ‘जास्त टोचरा’ वाटतो, आणि माणूस चुकीचा निर्णय घेतो.

दुकानातल्या ऐकण्यावर शेवटचा निर्णय नको. निपाणी-चिकोडीकडचे कोल्हापुरात जातात, खानापूरकडचे बेळगावात. कुठंही घ्या, पण घरी लावून पाहायला दोन दिवस आणि परत करायची मुभा बिलावरच लिहून घ्या.

९. तरीही टोचत असेल तर: एल-पॅड

इक्वलायझर असेल तर पहिल्या पायरीत सापडलेल्या जागी २ ते ३ डीबी कमी करून ठेवा, काम झालं. इक्वलायझर नसेल आणि स्पीकरचा ट्विटरच वूफरपेक्षा चढा असेल, तर क्रॉसओव्हर आणि ट्विटर यांच्यामध्ये दोन रेझिस्टर लावायचे; यालाच एल-पॅड म्हणतात. एक सिरीजला, दुसरा त्याच्यापुढं ट्विटरच्या दोन टोकांना समांतर. दोन्ही १० वॅटचे, सिमेंटचे.

- ८ ओहमचा ट्विटर: २ डीबीसाठी १.५ आणि ३३ ओहम. ३ डीबीसाठी २.२ आणि १८
- ६ ओहमचा: २ डीबीसाठी १.२ आणि २२. ३ डीबीसाठी १.८ आणि १५
- ४ ओहमचा: २ डीबीसाठी ०.८२ आणि १५. ३ डीबीसाठी १.२ आणि १०

पहिला आकडा सिरीजचा. नुसता सिरीजचा लावून समांतरचा गाळला तर क्रॉसओव्हरला दिसणारे ओहम बदलतात आणि त्याची जागा सरकते. आधी क्रोकोडाइल क्लिपांनी तात्पुरतं जोडून, हळू आवाजात, एका स्पीकरला लावून दुसऱ्याशी ताडून पाहा. पटलं तर पक्कं करा. ट्विटरच्या टोकांवर थेट सोल्डरिंग नको, उष्णतेनं आतली बारीक तार सुटते, लग वापरा. रेझिस्टर तापतात, त्यांना कापसाला किंवा फोमला चिकटू देऊ नका. ३ डीबीपेक्षा जास्त कमी करावं लागत असेल तर स्पीकर बदलण्याचा विचार करा.

स्पीकर वीस-पंचवीस वर्षांचे असतील तर एल-पॅडच्या आधी क्रॉसओव्हरमधले बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासा. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाच्या दमटपणात त्यांच्या पायांना गंज चढतो. त्यांची क्षमता वाढली की ट्विटरला नको तितके खालचे सूर मिळतात आणि तो ओरडतो. बदलताना व्होल्ट तेच किंवा जास्त, मायक्रोफॅरड तेच ठेवा. एक सावधगिरी: जागी पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर घातला तर त्याचा अंगचा रोध कमी असल्यानं ट्विटर आधीपेक्षा मोठा वाजू शकतो. तसं झालं तर त्या कपॅसिटरच्या सिरीजला ०.३३ ते ०.४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा.